डोंगराचा पायथा कुठे असतो?

दहावीच्या भूमितीत त्रिकोणमितीचे प्रकरण आहे. त्यातली उदाहरणे एका ठरावीक घाटाची असतात. एक माणूस इमारतीपासून अमुक मीटर अंतरावर उभा आहे, तिच्या टोकाकडे पाहताना ६० अंशांचा उन्नत कोन होतो, तर इमारतीची उंची काढा. मुले टॅन ६० बरोबर वर्गमूळ ३ लिहितात, गुणाकार करतात, उत्तराखाली दोन रेघा ओढतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. दीपगृह, जहाज, पतंग आणि वादळात मोडलेले झाड ही या प्रकरणातली नेहमीची मंडळी. आमच्या देवळाली प्रवऱ्यात दीपगृहही नाही आणि जहाजही नाही. ऊस आहे, कालवा आहे, पाण्याच्या उंच टाक्या आहेत. प्रवरा नदी ज्या मुलखातून उतरून येते, त्या अकोले तालुक्यात महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे. उंची १,६४६ मीटर.

ही १,६४६ मीटर उंची मोजली कशी, असा प्रश्न विचारला की पुस्तकातले उदाहरण अडखळते. पुस्तकाने आपल्याला दोन गोष्टी फुकट दिलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे अंतर. ‘इमारतीपासून अमुक मीटर’ असे पुस्तक सांगून मोकळे होते. इमारतीच्या बाबतीत ते ठीकच आहे, भिंतीला टेप लावता येतो. पण कळसूबाईचा पायथा कुठे? बोलण्यात आपण बारी गावाला पायथा म्हणतो, कारण तिथून चढण सुरू होते. भूमितीला हवा असलेला पायथा वेगळा आहे. शिखरावरून सरळ खाली ओळंबा सोडला आणि तो खडक भेदून आपल्या पायाच्या पातळीपर्यंत उतरला, तर जिथे टेकेल तो बिंदू. तो डोंगराच्या पोटात आहे. तिथे टेप नेणार कोण?

दुसरी फुकट गोष्ट म्हणजे सपाट जमीन. तिच्याकडे नंतर येऊ. माझे म्हणणे एवढेच आहे की उंचीमोजणीचा खरा इतिहास या दोन गोष्टी कष्टाने मिळवण्याचा इतिहास आहे. टॅनचा गुणाकार हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

आधी शब्द पाहू. उन्नत म्हणजे वर उचललेला, अवनत म्हणजे खाली झुकलेला. आकाशातल्या ग्रहताऱ्यांच्या बाबतीत जुने ज्योतिषी ‘उन्नतांश’ म्हणत, तोच हा कोन. दोन्ही कोन मोजायचे ते डोळ्याच्या पातळीतल्या आडव्या रेषेपासून. गवंड्याच्या पिशवीत ओळंबा असतो आणि पाणसळ असते. ओळंबा उभी रेषा देतो, पाणसळ आडवी. नजरेची ही पाणसळ नक्की केल्याशिवाय दोन्ही कोनांना अर्थ नाही. गच्चीवरून खाली पाहताना मुले हमखास भिंतीपासूनचा कोन घेतात आणि उत्तर उलटेपालटे होते. अवनत कोन भिंतीपासून नव्हे, समोरच्या आडव्या रेषेपासून धरायचा.

टॅन म्हणजे चढाचे प्रमाण. एक पाऊल पुढे गेल्यावर नजरेची रेषा किती पाऊल वर जाते, ते तो सांगतो. ४५ अंशाला एकास एक. ३० अंशाला एकास ०.५७७, म्हणजे उलटे म्हटले तर अंतर उंचीच्या १.७३२ पट. ६० अंशाला उंचीच अंतराच्या १.७३२ पट. हे प्रमाण झाड, टाकी, डोंगर असा भेद करत नाही, कारण सारख्या कोनांचे काटकोन त्रिकोण लहानमोठे असले तरी एकाच आकाराचे असतात. सूर्य ४५ अंश वर आला की काठीची सावली काठीएवढी होते, आणि त्याच क्षणी गावातल्या प्रत्येक झाडाची, खांबाची आणि कळसाची सावलीही त्याच्या उंचीएवढी होते. सावलीचा संबंध योगायोगाचा नाही. टॅन या कल्पनेचा उगमच सावलीत आहे. अरबी गणितज्ञ तिला सावलीच म्हणत. साइन हा शब्द तर आपल्याकडूनच गेलेला. संस्कृत ‘ज्या’, म्हणजे धनुष्याची दोरी, तिचे दुसरे रूप ‘जीवा’. अरबीत त्याचे ‘जीबा’ झाले. स्वरचिन्हे न लिहिण्याच्या रीतीमुळे पुढच्या वाचकांनी ते ‘जैब’ वाचले. जैब म्हणजे वस्त्राची घडी, खोळ. लॅटिन भाषांतरकारांनी त्याला आपला घडीचा शब्द दिला, सायनस. म्हणजे धनुष्याची दोरी वाटेत कपड्याची घडी झाली आणि इंग्रजी पुस्तकातून साइन होऊन परत आली.

पण सावलीची युक्तीदेखील पायथा मागते. सावली खोडापासून मोजायची असते. डोंगराच्या सावलीची सुरुवातही डोंगराच्या पोटातच असते.

या अडचणीवर विचार करणारा एक माणूस आपल्याच भागातला. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा, ‘सिद्धांतशिरोमणी’ त्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ते गाव नेमके कोणते, यावर वाद आहेत. मात्र चाळीसगावजवळच्या पाटणे येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे, आणि हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. पाटणे आमच्या गावापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर.

‘लीलावती’तली सावलीची, दिव्याची आणि शंकूची गणिते पुष्कळांना ऐकून ठाऊक असतात. त्यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो ‘गोलाध्याया’तला यंत्रांचा अध्याय. अनेक यंत्रांची वर्णने करून झाल्यावर भास्कराचार्य शेवटी ‘धीयंत्र’ सांगतात. धी म्हणजे बुद्धी. साहित्य काय, तर एक काठी. काठीच्या एका टोकाला डोळा लावायचा आणि दूरच्या बांबूच्या बुंध्याकडे काठी रोखायची. काठीच्या दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंत लंब सोडून ते मोजायचे. दोन लंबांच्या उंचीतला फरक आणि त्यांच्यामधले जमिनीवरचे अंतर यांचे प्रमाण मिळते. मग काठी बांबूच्या शेंड्याकडे रोखून तेच पुन्हा. एवढ्यावर बांबू किती दूर आणि किती उंच, दोन्ही निघते. बांबूपर्यंत चालत जायचे कारण नाही. पाण्यातल्या प्रतिबिंबावरून उंची काढण्याची रीतही तिथे आहे.

यात काय घडते ते आजच्या शब्दांत पाहण्यासारखे आहे. बुंध्याकडे रोखलेली काठी अवनत कोन देते. डोळ्याची जमिनीपासूनची उंची आपल्याला माहीत आहे. ती एक बाजू आणि अवनत कोन यांवरून अंतर निघाले. मग शेंड्याचा उन्नत कोन त्या अंतरावर लावला की उंची. अवनत कोनाने पायथा शोधायचा आणि उन्नत कोनाने शेंडा. पुस्तकात हे दोन कोन दोन निरनिराळ्या प्रकारची उदाहरणे म्हणून येतात. इथे ते एकाच बैलगाडीचे दोन बैल आहेत. (हा अध्याय ज्या ‘गोलाध्याया’त आहे, त्याचे लान्सलॉट विल्किन्सन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ साली कलकत्त्याला प्रसिद्ध झाले. ते तपासून सुधारणारे बापूदेव शास्त्री जन्माने पुण्याचे आणि शिक्षक काशीच्या संस्कृत पाठशाळेचे.)

युक्ती सुंदर आहे, पण तिची मर्यादाही आकड्यांत पाहू. समजा तुमचा डोळा जमिनीपासून १.६ मीटरवर आहे. समोरच्या नारळाचा बुंधा ५ अंश खाली दिसतो आणि शेंडा ३० अंश वर. टॅन ५ म्हणजे ०.०८७५. अंतर आले १.६ भागिले ०.०८७५, म्हणजे १८.३ मीटर. त्याला ०.५७७ने गुणून डोळ्याची उंची मिळवली की नारळ १२.२ मीटर. आता हात थोडा हलला आणि बुंध्याचा कोन ५ ऐवजी ४ अंश वाचला गेला, तर अंतर २२.९ मीटर आणि नारळ १४.८ मीटर. तोच ६ वाचला, तर नारळ १०.४ मीटर. एका अंशाच्या चुकीने नारळ दोन-अडीच मीटरने खालीवर होतो. कारण सगळा हिशेब डोळ्याच्या दीड-पावणेदोन मीटर उंचीवर तोलून धरलेला आहे. ज्या बाजूवर हिशेब उभा, ती बाजू लहान असली की छोटी चूक फुगते. ही ओळ लक्षात ठेवावी, पुढचे सगळे तिच्यावरच आहे.

मग ती बाजू मोठी करायची कशी? जमिनीवर चालून. दहावीच्या पुस्तकात असेही एक उदाहरण असते की निरीक्षक काही मीटर पुढे गेला आणि कोन बदलला. मुलांना ते अवघड वाटते आणि ऑप्शनला टाकले जाते. खरे तर पूर्ण प्रकरणात शेतात उतरून उपयोगी पडेल असे तेच एक उदाहरण आहे. कुंपणाच्या आत असलेली पाण्याची टाकी घ्या. एका जागेवरून तिचे टोक ४५ अंशांवर दिसते. म्हणजे तिथून टाकीच्या मध्यापर्यंतचे अंतर, डोळ्याच्या पातळीच्या वर टाकी जेवढी उंच, तेवढेच. सरळ मागे २० मीटर सरकलो आणि कोन ३० अंश झाला. आता अंतर उंचीच्या १.७३२ पट. आधी एक पट होते. मधली ०.७३२ पट म्हणजेच आपण मोजून चाललेले २० मीटर. २० भागिले ०.७३२ बरोबर २७.३. त्यात डोळ्याची १.६ मिळवा. टाकी सुमारे २९ मीटर. कुंपण ओलांडावे लागले नाही, पायथ्याला हात लावावा लागला नाही.

इथेही मोजलेली बाजू आखूड ठेवली तर काय होते? २०ऐवजी ५ मीटरच मागे गेलो, तर दुसरा कोन साधारण ४०.२ अंश येईल. तो एका अंशाने जास्त वाचला तर २७.३च्या जागी ३५ मीटर उत्तर येते, कमी वाचला तर २२. घरी कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला जड नट यांचे यंत्र केले, तर अर्धा-एक अंशाची चूक धरूनच चालावे. म्हणून भरपूर मागे जावे. शाळेत हा प्रयोग करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे असते.

जमिनीवर मोजून घेतलेल्या या बाजूला मोजणीच्या भाषेत पायारेषा म्हणतात. शेतकऱ्याच्या घरात ती अनोळखी नाही. बांधाचा वाद निघाला की जुने टिपण काढतात. त्यात शेताच्या आरपार एक मुख्य रेषा असते आणि तिच्यापासून काटकोनात कोपऱ्यांपर्यंतची मापे असतात. मुंबई इलाख्यातली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. काटकोन पाहायला शंकू. ‘शंकू-साखळी’ हा शब्द वकिलांच्या तोंडी अजून आहे, आणि भास्कराचार्यांच्या बारा अंगुळांच्या शंकूचे नाव त्यात टिकून राहिले आहे, याची मला नेहमी गंमत वाटते. दख्खनेत या महसुली मोजणीची घडी बसली ती इंदापूर तालुक्यातल्या १८३६च्या जमाबंदीपासून. तिथे कोनांचे काम नव्हते. शेत लहान, साखळीने भागते. पण शेताशेजारी शेत, गावाशेजारी गाव असे जोडत गेले की बारीक चुका साठत जातात आणि तालुक्याचा नकाशा कडेला जुळत नाही. त्यासाठी आधी पूर्ण देशावर एक पक्का सांगाडा टाकावा लागतो. तो सांगाडा त्रिकोणांचा होता.

विल्यम लॅम्टन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली पायारेषा मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल. मोजायला शंभर फुटांची पोलादी साखळी. ऊन वाढले की पोलाद लांबते, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, उष्णतामापक लावून, तिवयांवर पातळीत धरून एकेक पाऊल पुढे सरकायचे. साडेसात मैलांना सुमारे दोन महिने लागले. यष्टी हाच रस्ता दहा-पंधरा मिनिटांत कापते. पण ही एक बाजू अचूक मिळाली की पुढे साखळीचे काम जवळजवळ संपते. रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन, म्हणजे त्रिकोण निघाला. त्याची नवी बाजू ही पुढच्या त्रिकोणाची पायारेषा. असे टेकडीवरून टेकडीवर त्रिकोण चालत जातात. शेकडो मैलांनंतर पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष साखळीने मोजायची आणि हिशेबाने आलेल्या लांबीशी ताडून पाहायची.

कोन मोजणारे थिओडोलाइट अर्धा टन वजनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून ते भिंतीवर आदळले. लॅम्टनने सुमारे सहा आठवडे स्वतः बसून त्याचे वर्तुळ पुन्हा आकारात आणले. इतिहासात नाव त्याचे राहिले. यंत्र खांद्यावर वाहणारे, शिखरावरची झाडे तोडून चौथरा बांधणारे आणि रात्री दुसऱ्या टेकडीवर दिवा धरून बसणारे खलाशी मात्र निनावी राहिले. हिवतापाने त्यांतले किती गेले, हे त्या काळच्या कागदांतही ओळी-दोन ओळींतच उरकते. लॅम्टन स्वतः हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे १८३०च्या दशकात बिदरकडून मुंबईपर्यंत दख्खन ओलांडणारी त्रिकोणमाळ ओढण्याचे काम रॉबर्ट शॉर्टरीडने केले. डोंगरमाथ्यांवर दगडात कोरलेली वर्तुळे आणि मध्ये बिंदू दिसतात, त्या या कामाच्या खुणा. भटक्या मंडळींनी त्या पाहिल्या असतील. नकाशावर तिथे छोटा त्रिकोण छापलेला असतो.

म्हणजे पुस्तकातली पहिली फुकट गोष्ट, अंतर, अशी मिळाली. डोंगराच्या पोटात शिरावे लागले नाही. दोन ज्ञात ठिकाणांहून शिखराचे आडवे कोन घेतले की नकाशावर शिखराची जागा ठरते, आणि शिखराची जागा तीच त्याच्या पायथ्याची. अंतर कळले. आता उन्नत कोन मोजा, टॅनने गुणा, झाले.

झाले नाही. इथे दुसरी फुकट गोष्ट आडवी येते.

देवळाली प्रवरा ते कळसूबाई अंतर नकाशावर सरळ रेषेत सुमारे ९५ किलोमीटर भरते. आमचे गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर. मधल्या टेकड्या आणि धुरळा यांतून शिखर इथून दिसो वा न दिसो, हिशेबापुरते ते दिसते असे धरू. कळसूबाई आमच्याहून १,१४६ मीटर उंच. सपाट जमिनीच्या गणिताने तिचा उन्नत कोन ०.६९ अंश यायला हवा. पण पृथ्वी गोल आहे. आपली आडवी रेषा सरळ पुढे जाते, जमीन तिच्यापासून खाली वळत जाते. ९५ किलोमीटरवर ती सुमारे ७०० मीटर खाली गेलेली असते. शिखर तेवढे बुडाले. याच्या उलट, हवा वर विरळ आणि खाली दाट असल्याने प्रकाशकिरण किंचित खाली वाकत येतो आणि शिखर थोडे उचललेले दिसते. साधारण ९० मीटर तो परत देतो. दोन्ही मिळून कोन उरतो ०.३२ अंश. त्याला दहावीचे सूत्र लावले तर कळसूबाई आमच्याहून फक्त ५३० मीटर उंच, म्हणजे समुद्रसपाटीपासून १,०३० मीटर. सहाशे मीटरहून अधिक उंची नाहीशी झाली. गुणाकार बिनचूक असूनही.

वर्तुळाचा शंभरावा भाग सरळ भासतो, तशी प्रचंड पृथ्वी छोट्या माणसाला सपाट दिसते, असे भास्कराचार्यांनीच ‘गोलाध्याया’त लिहिले आहे. परिघाचा शंभरावा भाग म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर. डोळ्याला तो सरळ भासतो हे खरे, पण थिओडोलाइटला ९५ किलोमीटरच पुरतात.

गोलाईचा हिशेब तरी नक्की करता येतो, हवेचा येत नाही. तो सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, उन्हाळ्यात वेगळा. म्हणून उभे कोन शक्यतो दुपारी, हवा चांगली घुसळलेली असताना आणि किरणाचे वाकणे कमीत कमी व स्थिर असताना घ्यायचे, अशी मोजणीवाल्यांची रीत होती. आणि त्याहून नामी एक युक्ती होती. ती समजून घेण्यासाठी पुस्तकातल्या एका विधानावर बोट ठेवावे लागेल. खालून वर पाहतानाचा उन्नत कोन आणि वरून खाली पाहतानाचा अवनत कोन समान असतात, कारण दोन्ही आडव्या रेषा समांतर आणि हे व्युत्क्रम कोन. टाकीपुरते ते खरे आहे. पण देवळालीतला ओळंबा आणि कळसूबाईवरचा ओळंबा दोन्ही पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेले असतात, ते समांतर नसतात. त्यांच्यात सुमारे ०.८५ अंशाचा कोन आहे. तेवढाच कोन दोन्हीकडच्या आडव्या रेषांत. शिड्या चढून देवीच्या मंदिरापाशी यंत्र लावले आणि देवळालीकडे रोखले, तर अवनत कोन ०.३२ नव्हे, जवळपास १.०६ अंश येईल.

आता या दोहोंची सरासरी काढा. ०.३२ आणि १.०६ मिळून १.३८, अर्धे ०.६९. सपाट गणिताने आला होता तोच कोन! खालून पाहताना गोलाईने जेवढे कमी केले, वरून पाहताना तेवढेच वाढवले. हवेने खाली जेवढे वाढवले, वर तेवढेच कमी केले. दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी घेतली, तर मधली हवा तीच असते, आणि तिने किरण नेमका किती वाकवला हे ठाऊक नसतानाही तो दोष आपोआप गळून पडतो. ९५ किलोमीटरला टॅन ०.६९ने गुणा. १,१४४ मीटर येतात. कोन दोन दशांशांपर्यंत घेतल्यामुळे दोन मीटरचा फरक राहिला, एवढेच. त्रिकोणमाळेतल्या ठिकाणांच्या उंची एकमेकींशी जोडताना उन्नत आणि अवनत कोनांची ही अदलाबदल कामाला येई. दोन साक्षीदार दोन बाजूंनी उभे करायचे. एकटा कोणीही पुरेसा नाही.

ही सोय नसली म्हणजे किती कठीण जाते, याचे उदाहरण एव्हरेस्ट. १८४९-५० साली बिहारच्या मैदानातल्या सहा ठिकाणांवरून ‘शिखर पंधरा’चे उन्नत कोन घेतले गेले. अंतर शंभरावर मैल. एवढ्या अंतरावर केवळ गोलाईने सुमारे २,४०० मीटर उंची झाकली जाते. शिखरावर जाऊन अवनत कोन घेणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून किरण किती वाकला याचा अंदाज बांधून प्रत्येक ठिकाणाचा हिशेब करावा लागला. त्या हिशेबाशी कलकत्त्याच्या राधानाथ सिकदार या गणितज्ञाचे नाव जोडलेले आहे. १८५६ साली जाहीर झालेली उंची २९,००२ फूट, म्हणजे ८,८४० मीटर. २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर. शंभरावर मैलांवरून, एकाच साक्षीदारावर, फरक नऊ मीटरचा.

आमच्या गावाचा या सगळ्याशी संबंध कळसूबाईपुरता नाही. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले, उंची ८२ मीटर. तिथले पाणी नदीने ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा कालवा फुटतात. उजव्या कालव्याचे पाणी आमच्या शिवारात खेळते. अशा कालव्याचा उतार फार थोडा ठेवावा लागतो. जास्त दिला तर पाणी तळ खरवडते, कमी दिला तर गाळ बसतो. पाच हजाराला एक असा उतार धरला, तर त्याचा अवनत कोन येतो ०.०११ अंश. कोनमापकावरच्या एका अंशाचे नव्वद भाग केले तर त्यातला एक. हा कोन कोणी मोजत नाही. त्याऐवजी पातळी मोजतात. लेव्हलची दुर्बीण तंतोतंत आडवी करून मागच्या पट्टीवर एक वाचन घ्यायचे, पुढच्या पट्टीवर दुसरे, आणि वजाबाकी.

इथेही पृथ्वी गोलच असते. एक किलोमीटरवर जमीन नजरेच्या रेषेपासून ७८ मिलिमीटर खाली जाते, आणि त्याच किलोमीटरात कालव्याला उतार द्यायचा असतो २०० मिलिमीटर. म्हणून दुर्बीण दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये ठेवतात. मागे जेवढी चूक, पुढे तेवढीच, वजाबाकीत दोन्ही जातात. मोजणीच्या कामावर गेलेला कोणीही माणूस ही रीत सांगेल. दुर्बीण मध्येच का, असे विचारले तर बहुतेक जण ‘तशीच लावतात’ म्हणतात. ओझरपासून आमच्या चारीपर्यंत पाणी येते ते तशी लावल्यामुळे.